कप्प्याबाहेरची तबकडी

संगीतवेडी मित्रमंडळी जमली की एक वाद हमखास रंगतो: कोणत्या रेकॉर्डवर अन्याय झाला? एक जण ख्यालात मुरलेला, दुसरा जॅझचा भक्त, तिसरा जुन्या हिंदी चित्रपटसंगीतावर जीव टाकणारा. प्रत्येकाच्या मनात एखादी तबकडी असते, जिचे मोल जगाने ओळखले नाही याची त्याला खंत असते. शेवटी 'ज्याची त्याची आवड' असे म्हणून विषय मिटवला जातो. तो तसा मिटवू नये, असे मला वाटते. रेकॉर्ड मागे पडते ती नेहमी तिच्यातल्या उणिवेमुळेच पडते असे नाही. पुष्कळदा व्यापाराने आणि रसिकांनी आखलेल्या कप्प्यांपैकी एकाही कप्प्यात ती बसत नाही, म्हणून तिला ऐकणाराच मिळत नाही. हे खरे असेल, तर वेगवेगळ्या आवडीच्या मित्रांचा वाद हा नुसता वेळ घालवण्याचा उद्योग राहत नाही. कप्प्यांपलीकडे कान नेणारी तीच एक जागा उरते. मुंबईत 1982 साली झालेल्या एका रेकॉर्डच्या इतिहासातून हे चांगले दिसते.

आधी या वादाला पुरावा कुठून आला ते पाहू. ध्वनिमुद्रण नव्हते तेव्हाही गवयांवरून वाद होतच, पण ते आठवणींवर चालत. भास्करबुवा बखले यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. 1922 साली ते गेले आणि त्यांच्या गाण्याविषयीचे सारे बोलणे ऐकीव झाले. अब्दुल करीम खाँ यांचे तसे नाही. त्यांच्या तबकड्या आहेत, म्हणून त्यांच्या सुराविषयीचा निवाडा प्रत्येक पिढी नव्याने करू शकते. 1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला, गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले आणि भारतात तबकड्यांच्या धंद्याची सुरुवात झाली. तबकडीने पुरावा दिला, पण त्याबरोबर कप्पेही आणले. कंपन्यांच्या सूचीपत्रांत भाषेनुसार आणि प्रकारानुसार रकाने असत, कारण दुकानदाराला माल कुणाला दाखवायचा हे कळावे लागे. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून सावकाश बढत करणारे गाणे तिच्यात मावत नसे. दीर्घ तबकडी आली तेव्हा हे बंधन सैल झाले. 1960 साली अमीर खाँ यांची एलपी निघाली, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, आणि त्यांच्या गायकीचा खरा आवाका घरबसल्या ऐकता येऊ लागला. गायक तोच होता, माध्यमाने जागा दिली तेव्हा त्याचे माप बदलले. रकाने मात्र तसेच राहिले.

या रकान्यांबाहेर काम करणारी माणसे मुंबईत होती, आणि ती बहुतेक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत पोट भरत होती. गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भाषा दिली. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर बांधलेल्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. या प्रयोगाची तबकडी बाजारात आली असती, तर आज तिच्यावर भांडता आले असते. चरणजित सिंग हे याच दुनियेतले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत ते गिटार आणि इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड वाजवत, शिवाय चित्रपटगीतांच्या धुनांच्या त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डही निघत. 1982 साली त्यांनी जे केले ते मुंबईच्या वादकांच्या जुन्या धडपडीचेच पुढचे पाऊल होते.

त्या वर्षी त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एलपी मुद्रित केली. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे. साधने तीन, तिन्ही रोलंड या जपानी कंपनीची: ठेक्यासाठी टीआर-808, खर्जातल्या ओळीसाठी टीबी-303 आणि हाताने वाजवायला ज्युपिटर-8. 303 हे यंत्र खरे तर एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले. त्यात स्वरांचा सोळा घरांचा आकृतिबंध भरून ठेवायचा असतो, आणि कोणत्याही घरावर खूण केली की तो स्वर पुढच्या स्वरावर तुटक न जाता घसरत जातो. भारतीय कानाला त्यात मींड ऐकू येते. रेकॉर्डमध्ये खाली 303 रागाच्या स्वरांची साखळी अखंड फिरवत राहते, 808 चा ठेका तसूभर ढळत नाही, आणि वर ज्युपिटरवर आलापी आणि ताना चालतात. डिस्को गाण्यात सहसा कॉर्ड बदलत जातात. इथे ते जवळजवळ नाहीतच. षड्ज पाया धरून बसतो. एका षड्जावर उभा असलेला राग आणि न थांबणारा नाचाचा ठेका या दोघांची मुळात जात जुळते, ही या रेकॉर्डची खरी कल्पकता आहे.

मग ती चालली का नाही? डिस्कोचा तर तो भराचा काळ होता. 'कुर्बानी' हा चित्रपट 1980 साली आला, नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम 1981 साली, 'डिस्को डान्सर' हा चित्रपट 1982 साली. पण डिस्को घेणाऱ्याला गाणे हवे होते, शब्द आणि आवाज हवा होता. वाद्यसंगीत घेणाऱ्याला ओळखीच्या चित्रपटगीताची धुन हवी होती. रागदारी ऐकणारा 'डिस्को' हा शब्द वाचूनच पुढे जात असणार. तिन्ही गिऱ्हाइके दुकानात होती, आणि तिघांपैकी एकाचाही हात या रेकॉर्डकडे वळण्याचे कारण नव्हते. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे 2002 साली दिल्लीतल्या एका दुकानात एडो बाउमन या डच संग्राहकाच्या ती हाती लागली आणि 2010 साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली.

यावर पहिला आक्षेप असा की कप्पे मोडूनही गाजलेल्या रेकॉर्ड आहेतच. 1967 सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये रागसंगीतात तेव्हा नवखी, आणि रेकॉर्डची बांधणी काश्मीरमधल्या मेंढपाळाच्या दिवसाची. तरीही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची ही एलपी अमाप लोकप्रिय झाली. आक्षेप वजनदार आहे, पण तपशील पाहिला की तो माझ्याच बाजूने बोलू लागतो. तिच्यामागे जी. एन. जोशी होते, स्वतः गायक आणि एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची सूत्रे हाती असलेले. रागांचा क्रम सकाळच्या अहिर भैरवापासून प्रहराप्रहराने पुढे जाणारा, तबला साथीला, आणि कथेचा धागा कुणालाही कळणारा. दुकानदाराला ती शास्त्रीयच्या रकान्यात निःशंकपणे ठेवता आली. चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डला असा रकानाही नव्हता आणि तिच्यासाठी तो तयार करणारा माणूसही नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: दुर्मीळ वस्तूला लोक उगीच डोक्यावर घेतात. या रेकॉर्डच्या बाबतीत ते घडले, हे मान्य करायलाच हवे. ती पुन्हा निघाली तेव्हा 'अॅसिड हाउस' या नृत्यसंगीताचा जन्म शिकागोत नाही, मुंबईत झाला, असा गाजावाजा झाला. हा कुणा पाश्चात्त्य संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशीही शंका घेतली गेली. पण शिकागोच्या 'फ्युचर' या गटाने 1987 साली 'अॅसिड ट्रॅक्स' काढले, तेव्हा त्यांनी मुंबईची ही एलपी ऐकली होती याचा काहीही पुरावा नाही. 303 बाजारात आपटले, उत्पादन बंद पडले, जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागली आणि तिथल्या तरुणांनी ती आपल्या रीतीने वापरली. दोन शहरांत दोन स्वतंत्र शोध लागले, एवढेच खरे. 'पहिले कोण' हा दावा सोडून दिल्याने रेकॉर्डचे काहीच कमी होत नाही, कारण तिचे मोल राग आणि यंत्र यांच्या जुळणीत आहे.

तिसरा आक्षेप रागाच्या जाणकारांचा: बढत नाही, समेची गंमत नाही, तोडीतल्या कोमल स्वरांचे बारकावे की-बोर्डवर उतरत नाहीत. यातला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तिथे रेकॉर्ड उणी पडते. पण बढत नाही म्हणून तिला बाद करणाऱ्याने अब्दुल करीम खाँ यांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या आठवाव्यात. त्यांत रागाचा विस्तार शोधायचा नसतो, त्याचा नेमका चेहरा शोधायचा असतो, आणि तो तिथे आहे. माध्यमाचे बंधन ओळखून त्यात काय साधले ते पाहायचे, हा न्याय जुन्या उस्तादांना आपण देतो. स्टुडिओतल्या वादकालाही तोच मिळायला हवा.

हे तिन्ही आक्षेप एकाच प्रकारच्या रसिकाला सुचणारे नाहीत. 'कॉल ऑफ द व्हॅली'ची आठवण एलपी जमवणारा करून देईल, शिकागोचा हिशेब नृत्यसंगीतवाला मांडेल, तोडीची उणीव ख्याल ऐकणारा दाखवील. तिघे एकत्र बसल्याशिवाय या रेकॉर्डचे पूर्ण माप निघत नाही. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थांनी जुन्या तबकड्या जपल्या आणि एकत्र बसून ऐकल्या, म्हणून आज वादाला आधार आहे. चरणजित सिंग यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत युरोपातल्या मंचांवर ही रेकॉर्ड वाजवता आली. 2015 साली ते मुंबईत वारले. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक वादकांना तेवढेही मिळाले नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी अनोळखी रेकॉर्ड पुढे केली, तर ती कोणत्या प्रकारात मोडते हे आधी विचारू नये. ती लावावी, पूर्ण ऐकावी आणि मग मनसोक्त भांडावे.