सुई, नकाशा आणि बालवीर

बालवीराच्या हातातील होकायंत्र प्रथमदर्शनी खेळण्यासारखे वाटते. परंतु त्या इवल्याशा सुईमागे आणि तिच्या जोडीच्या नकाशामागे दोन शतकांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. आणि त्यातील पुष्कळसा भाग याच देशाच्या डोंगरपठारांवर घडला आहे.

हिंदुस्थानच्या शास्त्रीय मोजणीस प्रारंभ झाला तो प्रजेच्या सोयीसाठी नव्हे. ज्याच्या हाती प्रदेशाचा नकाशा, त्याच्या हाती सैन्याची वाट आणि साऱ्याची वसुली, हे कंपनी सरकारने ओळखले होते. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजावयास घेतली. पुढे त्या रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणावर दुसरा, अशी जाळी उत्तरेकडे सरकत गेली. तत्त्व साधे होते : त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले, म्हणजे उरलेल्या बाजू चालून न जाता काढता येतात. हे काम करीत असतानाच १८२३ साली लॅम्बटनचा हिंगणघाट येथे अंत झाला.

हीच लष्करी विद्या मुलांच्या हाती दिली ती बेडन-पॉवेल याने. १८७६ साली घोडदळाचा तरुण अधिकारी म्हणून तो हिंदुस्थानात आला होता. १९०७ साली ब्राउनसी बेटावर त्याने मुलांची पहिली छावणी भरविली आणि १९०८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वरच्या श्रेणीच्या बालवीराने नकाशा अचूक वाचावा, कच्चा नकाशा काढावा, होकायंत्रावाचून दिशा सांगावी आणि सात मैल पायी जाऊन परत येऊन त्या प्रवासाचा वृत्तांत लिहावा, अशी त्याची कसोटी होती.

१९०९ साली ही चळवळ बंगलोरात आली. पण तिचे दार केवळ युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांस उघडे होते. ज्या भूमीचा नकाशा, त्याच भूमीच्या मुलांस तो वाचण्याच्या शिक्षणापासून दूर ठेवावे, हा न्याय अजब होता. १९१६ साली अॅनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या प्रेरणेने सेवा समितीची पथके निघाली. हे निरनिराळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ या नावाने एकत्र आले.

या विद्येचा अभ्यास करण्यास बेळगावसारखे दुसरे स्थान क्वचितच सापडेल. सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमांकपद्धतीत सोळावे अक्षवृत्त हा दोन मोठ्या पत्रकांचा सांधा आहे. त्याच्या दक्षिणेस असलेले बेळगाव ‘४८ आय’मध्ये येते आणि उत्तरेस असलेली निपाणी ‘४७ एल’मध्ये. बेळगावाहून निपाणीस निघालेल्या बालवीरास वाटेत पत्रक बदलावे लागते. आकाशही येथे शिक्षकाचे काम करते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितकेच त्या जागेचे अक्षांश. म्हणून बेळगावी तो सुमारे सोळा अंशांवर दिसतो.

सुईची मात्र परीक्षा घ्यावी लागते. ती भौगोलिक उत्तर दाखवीत नाही, चुंबकीय उत्तर दाखविते. ब्राउनसीच्या छावणीच्या काळी इंग्लंडात हा फरक सुमारे सोळा अंशांचा होता. बेळगावी तो दोन अंशांच्या आत आहे. परंतु खडेबाजारासारख्या गजबजलेल्या पेठेत, मोटारी, लोखंडी फळ्या आणि विजेच्या तारा यांच्यामध्ये सुई सहज फसते. मुंबईस विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय वेध बिघडणार, हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४ साली ते काम अलिबागेस हलविले होते. वेधशाळेला जे पथ्य, तेच बालवीरालाही.

म्हणून बालवीराने पेठेबाहेर मोकळ्या माळावर यावे. नकाशा उत्तरेस जुळवून ठेवावा. दक्षिणेस येळ्ळूरचा राजहंसगड, पश्चिमेस महिपाळगड. दोहोंची दिशा सुईवर घ्यावी आणि त्या त्या गडापासून उलट रेषा नकाशावर ओढाव्यात. जेथे रेषा छेदतील तेथे आपण उभे आहोत. लॅम्बटनचा त्रिकोण तो हाच!

या दोन गडांपैकी राजहंसगड आज कर्नाटकात आहे आणि महिपाळगड महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने ओढलेली रेषा त्यांच्या मधून जाते आणि तिच्याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. नकाशावर तीही रेषा असते. मात्र ओढे आणि उतार दाखविणाऱ्या रेषा तिला न जुमानता पलीकडे जातात. कोणती रेषा निसर्गाची आणि कोणती माणसाची, हे ओळखणे हाही नकाशावाचनाचाच धडा आहे.

२००५ व २०२१ सालच्या धोरणांनी सरकारी नकाशे नागरिकांस पुष्कळ मोकळे झाले. खिशातील दूरध्वनीही आता वाट सांगतो. परंतु त्याची शक्ती घाटात संपली, म्हणजे उरते ती सुई, कागद आणि शिकलेली नजर. एके काळी राज्यकर्त्यांनी स्वतःपुरते राखलेले हे ज्ञान आज कोणत्याही शाळकरी मुलास मिळू शकते. ते न शिकता सोडून देणे, म्हणजे कष्टाने मिळविलेला वारसा आपण होऊन परत करणे होय.