दोन फेऱ्यांमधला दम

15 जुलै 1939 रोजी मिलानमध्ये जर्मनीचा रुडॉल्फ हार्बिग 800 मीटर पळाला, 1 मिनिट 46.6 सेकंदांत. सिडनी वुडरसनचा आधीचा विश्वविक्रम 1:48.4 होता. इतकी मोठी उडी या अंतरात क्वचितच कुणी मारली असेल. हा विक्रम 16 वर्षं टिकला. हार्बिग मात्र 1944 मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला.

त्याचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर. अंतराचे तुकडे पाडून पळण्याची रीत त्यांच्याआधीही होती. फिनलंडचे धावपटू ती वापरत. पण गेर्शलर आणि फ्रायबर्गचे डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांनी लक्ष दिलं ते दोन तुकड्यांच्या मधल्या वेळेकडे. शे-दोनशे मीटर वेगात पळायचं, नाडी 180 पर्यंत जाऊ द्यायची, मग थांबायचं. दीड मिनिटात ती 120 वर आली तर पुढचा तुकडा. नाही आली तर आजचा सराव जास्त झाला. हृदय बळकट होतं ते या विसाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. या पद्धतीचा खरा शोध मला हाच वाटतो.

चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने 400 मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून स्वतःची वाट काढली आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. ब्रिटनचा धावपटू रॉजर बॅनिस्टर पाव मैलाच्या दहा फेऱ्या मारायचा, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं विसावा. फेरीची वेळ 61 सेकंदांवर अडकली, काही केल्या उतरेना. मग सराव सोडून तो स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला. परतल्यावर 59 सेकंद लागले! 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डला त्याने मैल 3:59.4 मध्ये पूर्ण केला.

आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी मुलं पहाटे रोज पूर्ण 1600 मीटर जीव तोडून पळतात आणि टायमिंग बसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी पळतात. त्यांना सांगणं एवढंच: आठवड्यातून दोन दिवस 400 मीटरचे चार-सहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्यानंतर मनगटावर बोटं ठेवा आणि नाडी उतरल्याशिवाय पुढचा सुरू करू नका.