किहीमचा किनारा आणि चरीचा संप

मांडवा, सासवणे, आवास, किहीम. अलिबागच्या उत्तरेला समुद्राकाठी असलेली ही गावं आज सिनेनट, क्रिकेटपटू आणि उद्योगपतींच्या बंगल्यांसाठी ओळखली जातात. नवी मुंबईतल्या आपल्या बचत गटांच्या सहलीही तिकडेच निघतात. यंदा जानेवारीत आम्हीही गेलो. समुद्रात पाय भिजवले, पोपटी खाल्ली, फोटो काढले. पण आजच्या भाषणात सांगायचं आहे ते त्या बंगल्यांच्या आधीचं. कारण ते आपल्या घरापर्यंत येऊन पोचतं.

असं गाव जगात एकच नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठी सां-त्रोपे नावाचं गाव आहे. मूळ वस्ती मासेमारांची. आधी तिथं चित्रकार आले. मग १९५६ साली ब्रिजित बार्दो या नटीचा एक सिनेमा तिथं चित्रित झाला आणि गावाचं नाव जगभर झालं. आज बंदरात श्रीमंतांच्या नौका उभ्या असतात, आणि साध्या कमाईच्या माणसाला तिथं घर घेणं जड जातं. आपल्याकडेही क्रम असाच दिसतो. सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांचं घर आहे. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला. किहीमला पक्षीतज्ज्ञ सलीम अली १९३० साली राहिले आणि सुगरण पक्ष्याचा अभ्यास त्यांनी तिथंच केला. कलावंत आले, अभ्यासक आले, त्यांच्या मागून पैसा आला. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. आता गाडीसकट तासाभरात पलीकडे जाता येतं.

पण हा किनारा काही बंगल्यांमुळे मोठा झालेला नाही. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावरून कान्होजी आंग्र्यांनी समुद्रावर सत्ता चालवली. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना कुलाबा घेता आला नाही. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल शाळेत थोडंफार शिकलेलो असतो. किनाऱ्यापासून आत, खारेपाटातल्या भातशेतीत जी लढाई झाली, तिच्याबद्दल मात्र आमच्या गटातल्या निम्म्या जणींनी कधी ऐकलेलं नव्हतं.

खारेपाट म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाच्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं, तेव्हा कुठे भात लागतो. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि त्या वर्षीचं पीक जातं. हे सगळं कष्ट कुळाचे. जमीन मात्र खोताची. खोत सरकारचा सारा वसूल करणारा, पण गावात तोच मालक होऊन बसलेला. पिकाचा निम्मा वाटा, कधी त्याहूनही जास्त, त्याच्या घरी पोचवायचा. वर वेठबिगार वेगळी. कर्ज फिटत नसे, कारण हिशेबाची वही खोताकडे आणि कुळाला अक्षरओळख नाही.

अलिबाग तालुक्यातच, पोयनाडच्या बाजूला चरी नावाचं गाव आहे. तिथं १९३३ सालच्या ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांनी ठरवलं, खोताची जमीन कसायचीच नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. आसपासची २५ गावं संपात उतरली. भातशेतीच्या गावात पेरणी थांबवणं म्हणजे आपल्याच चुलीवर पाणी ओतणं. संप एक हंगाम चालला, दोन चालले, करता करता सहा वर्षं चालला. जंगलातला लाकूडफाटा विकून, मजुरी करून, खाडीत मिळेल ते पकडून माणसं जगली. इतिहासात नावं पुढाऱ्यांची राहतात. पण पेरणी नसलेल्या घरात सहा वर्षं रोज संध्याकाळी चूल कशी पेटवायची, हा प्रश्न कोणापुढे होता, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र काढलं. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि संप मिटला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. आज कित्येक जुन्या फेरफारांत ‘३२ ग’ असं लिहिलेलं सापडतं. ते याच कायद्याचं कलम. त्या दोन अक्षरांमागे कितीतरी घरांची उपासमार आहे.

आपल्या नवी मुंबईलाही हे परकं नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरं शहरासाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. म्हणजे आपणही शेतावरच्या शहरात राहतो. पलीकडच्या बंगल्यांकडे बोट दाखवताना हे विसरून चालणार नाही.

आता घरातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेर त्याच खारेपाटातलं. सहलीत त्या गप्पगप्प होत्या. मागून कळलं, माहेरची जमीन विकायची ठरली आहे आणि भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं आहे. आपल्याकडची रीत अशी की बहिणीनं सही करायची आणि साडीचोळी घेऊन सासरी यायचं. भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको, म्हणून आपल्या कितीतरी जणींनी न वाचता सह्या केल्या आहेत.

पुढच्या बैठकीत आम्ही हप्ते लवकर आटोपले आणि ताईंच्या माहेरचा सातबारा मोबाईलवर काढून एकत्र वाचला. जुन्या फेरफारात त्यांच्या आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलेलं, ‘३२ ग’ प्रमाणे. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून भावांबरोबर ताईंचंही नाव होतं. ते नाव तिथं आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायदा बदलला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही.

ताईंनी अजून सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. “वाटा किती, किंमत किती, ते कागदावर दाखवा, मग बोलू,” एवढंच त्यांनी भावांना सांगितलं. त्यानंतर माहेरून फोन आलेला नाही. ते त्यांना लागतं, आम्हाला दिसतं. गट म्हणून आम्ही त्यांच्या वतीनं निर्णय घेऊ शकत नाही. तलाठी कार्यालयात, वकिलाकडे जाताना सोबत मात्र असतो.

भावाला प्रेमानं हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडावा. पण काय सोडतोय ते कळून सोडावा. चरीच्या कुळांना हिशेबाची वही वाचता येत नव्हती. आपल्याला येते.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत पासबुकाबरोबर माहेरचा आणि सासरचा सातबाराही घेऊन या. गावाचं नाव आणि गट नंबर एवढं पुरे. आणि सहलीला अलिबागला निघालात, तर पोयनाडला जरा थांबा आणि चरीचा रस्ता विचारा.