दिवेलागणीचा हिशेब: शहापूर-मुरबाडमधील उजळणी आणि उन्हाळ्याची सुटी

परवचा म्हणजे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्यावर घरातील मुलांनी ओळीने बसून मोठ्याने म्हणावयाचे पाढे, स्तोत्रे, वार-तिथी-नक्षत्रांची नावे आणि वजनमापांची कोष्टके. यातील पाढ्यांच्या पाठांतराला उजळणी असेही नाव होते आणि ते नाव सार्थ होते, कारण पितळेचे भांडे जसे घासल्यावाचून काळवंडते तसे डोक्यातील गणितही रोज उजळले नाही तर मंदावते, ही जाण त्या शब्दातच सामावलेली होती. सहावी ते आठवीच्या मुलांनी वर्षभर शिकलेले गणित उन्हाळ्याच्या सुटीत विसरू नये म्हणून काय करावे, हा आजच्या शिक्षकांपुढचा प्रश्न म्हणूनच नवा नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन डोंगराळ तालुक्यांपुरता त्याचा मागोवा घेतला तर असे दिसते की गणित जिवंत ठेवण्याचे काम येथे शाळेपेक्षा घरातल्या बोलण्याने, धान्याच्या मापांनी आणि बाजाराने अधिक केले, आणि ज्यांना हिशेब विचारण्याची मुभाच नव्हती त्यांच्या घरी ते कधी रुजूच शकले नाही.

या मुलखाचा आकड्यांशी संबंध फार जुना आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारी नाणेघाटाची वाट कोकणातील बंदरांना जुन्नरच्या पेठेशी जोडीत असे, आणि तिच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडला जाणारा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची त्यात मोजदाद असून 10,001 गाई, 24,400 कार्षापण (म्हणजे तत्कालीन नाणी) अशा संख्या अंकांत कोरलेल्या आहेत. या अंकांना शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला तेव्हापासून भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या घाटाचे नाव कायमचे नोंदले गेले. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात असे परंपरा सांगते. मोजणे आणि घेणे ही दोन्ही कामे या वाटेवर एकाच ठिकाणी होत होती, हे मात्र या लेखावरून आणि रांजणावरून सहज ध्यानात येते.

शाळेची गोष्ट पुष्कळ नंतरची आहे. इंग्रजी अमदानीपूर्वी आणि तिच्या सुरुवातीच्या काळात मोठ्या गावांत पंतोजींच्या शाळा असत, त्या देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या पडवीत भरत, आणि मुले धूळपाटीवर, म्हणजे लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने, अक्षरे आणि अंक गिरवीत. या शाळांतील गणिताचा कणा म्हणजे तोंडी पाढे. बे एके बे, बे दुणे चार येथून निघालेली गाडी तीसच्या पाढ्यापर्यंत गेली की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत: पावाची पावकी, अर्ध्याची निमकी, पाऊणाची पाऊणकी, सव्वाची सवाईकी, दीडची दिडकी, अडीचची अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह आपल्याच हाताने साडेतीन हात भरतो म्हणून संतवाङ्मयात देहाला औट हात म्हटले जाते, तोच हा शब्द. आज अपूर्णांकांचा गुणाकार मूल कागदावर अंश आणि छेद मांडून करते. पूर्वी तो जिभेवर असे, आणि जिभेवर असल्यामुळे पाटी-पुस्तक मिटलेले असतानाही तो सोबत राही.

या पाढ्यांचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वजनाचा मण 40 शेरांचा आणि रुपया 16 आण्यांचा, त्यामुळे जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, अशी हिशेबाची एक किल्ली सर्वत्र वापरात होती. तांदूळ 7 रुपये मण असला तर अडीच शेराला 7 आणे, पाच शेराला 14 आणे आणि सव्वा शेराला साडेतीन आणे, हे उत्तर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही वजनकाटा हलायचा थांबण्याआधी देत. आणि 7 आण्यांचे किती शेर, तर अडीच, मग 7 रुपये हाती आले तर मण, असा उलटा हिशेबही तितक्याच वेगाने होई. दाणे मोजण्याची मापेही याच घडणीची होती: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या मात्र गावागावाला वेगळ्या, कोठे बारा तर कोठे सोळा. शेर एक असेल तर चिपटे म्हणजे पाव शेर, म्हणून खळ्यावर भात मोजणारा मनुष्य नकळत पावकीच म्हणत असे. भाताचे खळे, आठवड्याचा बाजार आणि पौष पौर्णिमेला भरणारी मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जनावरांची जत्रा, ही उजळणीची खरी ठिकाणे होती.

परंतु दिवेलागणीचा परवचा सगळ्या घरांत होत नव्हता, आणि या इतिहासातील सर्वांत दुखरी बाजू हीच आहे. शहापूर, मुरबाड, किन्हवली, धसई यांसारख्या पेठांतील ब्राह्मण, वाणी, सोनार यांच्या घरांत तो होता. डोंगराकडेच्या पाड्यांवरील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांच्या झोपड्यांत तो नव्हता, आणि बहुसंख्य कुणबी-आगरी घरांतही नव्हता. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की ही कुटुंबे सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरते धान्य, उचलीत आणि सुगीला ते वाढी-दिढीने फेडीत. वाढी-दिढी हा धान्याच्या व्याजाचा प्रकार. सवाईने घेतले तर चार पायल्यांच्या पाच आणि दिढीने घेतले तर चारांच्या सहा परत करावयाच्या, तेही सहा महिन्यांच्या आत. म्हणजे ज्या घरातील मुलगा संध्याकाळी दिडकी म्हणत होता त्या घरी दिढी जमा होत होती, आणि ज्या घरातून दिढी जात होती तेथील मुलाला दिडकी ठाऊक नव्हती. देण्याचे माप आणि घेण्याचे माप वेगळे असले तरी ते ओळखणार कोण? महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब करण्याची क्षमता असावी अशी मागणी केली, तिचे वजन या पार्श्वभूमीवर समजते. पुढे डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल सादर केला तेव्हा आणि 1945 मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरून वारल्यांचा लढा उभा राहिला तेव्हाही वेठ आणि कर्ज यांच्या मुळाशी हाच न समजणारा हिशेब होता.

सलग दीड महिन्याची उन्हाळी सुटी या भागात सरकारी शाळांच्या वेळापत्रकाबरोबर आली. मराठी सातवीअखेर होणाऱ्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला, लोकांच्या तोंडी 'फायनल'ला, फार मान होता, कारण ती उत्तीर्ण झालेल्याला शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके. आणि तिच्या गणिताचा गाभा होता त्रैराशिक, व्याज, नफा-तोटा आणि मापांची रूपांतरे. त्रैराशिक म्हणजे तीन राशी माहीत असता चौथी काढणे, जे भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीतही आहे आणि आज सातवीच्या पुस्तकात समप्रमाण-व्यस्तप्रमाण या नावाने भेटते. सुटीत मुले हे विसरत का? ज्यांच्या घरी दुकान किंवा दप्तर होते ती विसरत नसत. इतरांचा उन्हाळा कामाचा होता: चैत्रात मोहाची फुले वेचणे, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचे काम म्हणजे राब, त्यासाठी पाला-पाचोळा वाहणे, वैशाखात करवंदे आणि जांभळे काढून वाट्यांवर विकणे. या कामांत मोजणी होती, परंतु ती वाट्यांची आणि विसांची होती. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पासष्टला तीन विसा पाच म्हणण्याची रीत होती. शाळेने या मोजणीची दखल फारशी घेतली नाही, ही खंत बाळगण्यासारखी चूक आहे.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, आणि 1958 ते 1962 या काळात टप्प्याटप्प्याने शेर-मणांची जागा किलोग्रॅम-क्विंटलने घेतली. सुधारणा आवश्यक होती आणि ज्यांना हिशेबात नाडले जात होते त्यांना ती उपकारकच ठरली, कारण दहाच्या पटीत फसवणे अवघड जाते. परंतु तिने अडीचकी आणि औटकी यांचा बाजारातील आधार काढून घेतला. ज्या पाढ्याला कोणी गिऱ्हाईक उरले नाही तो परवच्यातूनही गळाला, आणि पुढच्या पिढीत परवचाच गळाला. जमिनीच्या व्यवहारात मात्र जुने बोलणे टिकून आहे: सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि ओट्यावर बोलताना ते एकर-गुंठ्यांत होते, 40 गुंठ्यांचा एकर आणि सुमारे 101 चौरस मीटरचा गुंठा, म्हणजे जवळजवळ एक आर. सातवीच्या मुलाने घरचा सातबारा हाती घेऊन हे रूपांतर सुटीत केले तर अपूर्णांक, दशांश आणि क्षेत्रफळ या तिन्हींची उजळणी एका कागदावर होते.

शाळेबाहेर राहणाऱ्या मुलांपर्यंत शाळेने जावे, हा विचार याच जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले (हा भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे), आणि तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा आकाराला आली. वीटभट्टीवर भोंगा, म्हणजे मजुरांची तात्पुरती झोपडी, असतो. विधायक संसद या संस्थेच्या भोंगाशाळा भट्टीवरील मुलांसाठी त्याच तत्त्वावर चालल्या. कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भाताची कापणी आटोपून दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसई भागातील भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे त्यांच्या मुलांची 'सुटी' दीड नव्हे तर सहा-सात महिन्यांची ठरते. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यावर 1 जुलै 2021 पासून राज्याने 45 दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, राबविला तेव्हा शहरांना प्रथमच जाणवलेली पोकळी या पाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती. तत्पूर्वी 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तेवीसऐवजी 'वीस तीन' असे वाचन सुचविले गेले, त्यावर मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना टीका सोसावी लागली. ज्या मुलखात तीन विसा पाच म्हणत असत तेथे ही रीत वाटली गेली तितकी परकी नव्हती, हे त्या वादात कोणी फारसे लक्षात घेतले नाही.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी 8 मार्च 2016 रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन येणाऱ्या या आज्यांनी साठीनंतर अक्षरे आणि अंक शिकण्यास आरंभ केला, आणि घरी त्यांचा अभ्यास घेण्यास नातवंडे बसू लागली. परवच्यात वडीलधारे ऐकत आणि मुले म्हणत; येथे आजी म्हणते आणि नातू चुका काढतो, आणि दुसऱ्याची चूक काढण्यासाठी स्वतःचा पाढा पक्का असावा लागतो.

वीटभट्टीचा हंगामाचा हिशेब होतो तो उन्हाळी सुटीच्याच महिन्यांत, मे ते जूनच्या आरंभापर्यंत, म्हणजे शाळा मिटलेली असते नेमकी तेव्हा. उदाहरणार्थ, कुटुंबाने हंगामाच्या सुरुवातीला 20,000 रुपये उचल घेतली, 24 आठवडे दर आठवड्याला 800 रुपये खर्ची (बाजारहाटापुरती रक्कम) घेतली आणि मजुरी हजार विटांना 700 रुपये ठरली असेल, तर खर्चीचे 19,200 आणि उचल मिळून 39,200 रुपये होतात आणि ते फिटण्यासाठी 56 हजार विटा पाडाव्या लागतात. विटा 50 हजारच झाल्या तर 4,200 रुपये अंगावर राहतात आणि पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर जाणे भाग पडते. गुणाकार, भागाकार आणि वजा पूर्णांक संख्या एवढ्याच गोष्टी यात लागतात, आणि त्या सर्व सातवीपर्यंत शिकवून झालेल्या असतात. शाळा 15 जूनला उघडते. भट्टीमालकाची वही त्याआधी मिटते.