गच्चीवरचा अँटेना नक्की कोणाचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझं "म्हणजे, म्हणजे" थोडं कमी केलंय.

झालं असं, की हॅम रेडिओची परीक्षा पास झाल्यावर मी एक स्कॅनर घेतला. खिडकीत ठेवला, तर नुसती खरखर. सिमेंट आणि लोखंडाच्या डब्यात बसून आकाशातलं काय ऐकू येणार? म्हणून आजोबांच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो. तिथे त्यांनी लावलेला टीव्हीचा अँटेना अजून उभा होता. दोन दांड्या वाकलेल्या, बाकी ठीक. तोंड अजूनही सिंहगडाकडेच. 1973 मध्ये सिंहगडावर रिले केंद्र झालं आणि पुण्यात दूरदर्शन दिसायला लागलं. मग गच्चीवर एक जण, खाली एक जण, "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हे तुम्ही घरच्यांकडून ऐकलं असेलच.

या माशाच्या काट्यासारख्या अँटेनाला आपण 'यागी' म्हणतो. पूर्ण नाव आहे यागी-उदा. अर्धं नाव का गळलं, ती गोष्ट मला सांगायचीय.

जपानमधलं सेंदाई शहर, तोहोकू इंपीरियल विद्यापीठ, 1920 चं दशक. हिदेत्सुगु यागी प्राध्यापक, आणि शिंतारो उदा त्यांच्या हाताखालचा तरुण संशोधक. कल्पना भन्नाट साधी होती. केबल जोडायची फक्त एका दांडीला. बाकीच्या दांड्या कशालाच जोडलेल्या नाहीत, नुसत्या उभ्या. पण मागची थोडी लांब आणि पुढच्या थोड्या आखूड ठेवल्या, अंतरं बरोबर साधली, की सगळ्या मिळून लहर एकाच दिशेला ढकलतात. टॉर्चमागे आरसा आणि पुढे भिंग असावं तसं. लांबी किती, अंतर किती, हे मोजण्याची किचकट मेहनत मुख्यतः उदांची. 1926 मध्ये दोघांच्या नावाने निबंध आला. पण उदांचे पुढचे सविस्तर निबंध जपानी भाषेत होते, पेटंट यागींच्या नावावर होतं, आणि 1928 मध्ये अमेरिकेत गाजलेला इंग्रजी निबंधही यागींचाच. त्यात त्यांनी उदांना श्रेय दिलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. तरी जगाने एकच नाव उचललं. ऑफिसात कोड कोण लिहितो आणि डेमो कोण देतो, हे मी रोज बघतो, त्यामुळे मला यात फार आश्चर्य वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

गंमत म्हणजे खुद्द जपानी सैन्याने या शोधाकडे फारसं लक्षच दिलं नाही. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं, तेव्हा जपान्यांना न्यूमन नावाच्या ब्रिटिश रडार-तंत्रज्ञाची वही सापडली. तिच्यात सारखा एक शब्द, 'यागी'. अर्थ कळेना. शेवटी युद्धकैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच माणसाचं नाव! आणि 1945 मध्ये हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बवर उंची मोजणाऱ्या रडारसाठी जे अँटेना होते, तेही यागीच. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

उदा मात्र 1950 च्या दशकात काही वर्षं भारतात होते, दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत. 1959 मध्ये दिल्लीतच आपलं टीव्ही प्रसारण सुरू झालं, आणि नंतर देशभर गच्च्यांवर त्यांचा अँटेना उगवला. त्यांचं नाव न घेता.

बरं, मग स्कॅनरला आजोबांचा यागी जोडला का? नाही. यागी एका दिशेचा आणि एका पट्ट्याचा. साठेक मेगाहर्ट्झला तरंगलांबी 5 मीटर, म्हणून दांडी अडीच मीटरची. मला ऐकायचं होतं 145 च्या आसपास, शिवाय वरचंही, आणि सगळीकडून. त्यासाठी डिस्कोन. वर चकती, खाली शंकू, दोन्ही छत्रीच्या काड्यांसारख्या दांड्यांचे. आर्मिग कांडोयान या अमेरिकन इंजिनिअरला 1945 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. सगळं ऐकतो, पण दूरचं खेचून आणत नाही. चालतंय.

खरी फसगत केबलमध्ये असते. तारेभोवती तार, म्हणजे कोॲक्स, हिचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने 1880 मध्येच घेतलं होतं. मी आधी बारीक आरजी-58 आणली, कारण स्कॅनर 50 ओमचा. 30 मीटर केबलमध्ये 145 मेगाहर्ट्झला जवळपास 6 डेसिबल गेले, म्हणजे अँटेनाने पकडलेल्यातलं पाऊणच्या आसपास वाटेतच संपलं. मग डिशवाल्याकडची आरजी-6 घेतली. ती 75 ओमची, म्हणून ग्रुपवर लोक ओरडले. पण हिशोब करा ना! 50 आणि 75 जुळत नाहीत म्हणून परत फिरते ती जेमतेम 4 टक्के ऊर्जा. उलट केबलमधला तोटा निम्म्याहून कमी झाला. ऐकायलाच वापरायची असेल तर बिनधास्त घ्या.

जूनमध्ये 145.800 वर स्पेस स्टेशनचा आवाज स्पष्ट आला. दोन आठवड्यांनी सगळं बंद. वरचा कनेक्टर उघडून बघितला तर आत पाणी, जाळी हिरवी-काळी. मी टेप लावलीच नव्हती, "नंतर करू" म्हणून. केबल अर्धा मीटर कापली. घरात शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सांध्यासाठी टेप मागवली.

आजी म्हणाली, "अरे, ह्यांनी तर त्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळली होती." वर जाऊन सोडली. आतले स्क्रू कोरडे होते, गंजाचा ठिपका नाही. टेप यायला चार दिवस होते आणि आभाळ भरून आलं होतं, म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून तुकडा आणून मीही तेच केलं. टेपचं पाकीट अजून फोडलेलं नाही.