मळवलीचं छापील रान

पुण्याहून निघालेली लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या शेडी मागे टाकते; तळेगाव, कामशेत गेलं की मळवली येतं. उतरणारे बहुतेक भाजे लेण्यांच्या किंवा लोहगडाच्या वाटेला लागतात. याच मळवलीत 1899च्या सुमारास राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून आला. मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला होता. इथे रेल्वे होती आणि मोकळी हवाही.

या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतींची कथा बरीच सांगून झाली आहे. त्यांच्या पाठीमागच्या तळ्याकडे, झाडीकडे, धुकट डोंगरांकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. खरं तर देवघरात नवं काय आलं होतं, तर ते रान. चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या पिंगुळीच्या चित्रकथीत अरण्य म्हटलं की एखादं झाड पुरे. बाकीचं रान कथेकऱ्याने बोलून उभं करायचं.

देवकथा अशा धुकट निसर्गदृश्यात बसवण्याची रीत युरोपातली. सतराव्या शतकात क्लोद लोरँने रोमभोवतीच्या मैदानांत ती रुळवली. पुढे इंग्लंडात टर्नरने 1807 ते 1819 या काळात ‘लिबर स्टुडिओरम’ ही छापील चित्रमाला काढली. तिच्यातल्या काही चित्रांत ग्रीक-रोमन कथांतली माणसं झाडांच्या सावलीत शोधावी लागतात. रविवर्म्याने माप उलटं केलं. ‘गंगावतरणा’त पाय रोवून उभा असलेला शंकर आधी दिसतो, हिमालय नंतर. आपल्याकडे चित्र टांगायचं ते हात जोडायला. देव झाडीत हरवून कसं चालेल?

मागचा निसर्ग बऱ्याचदा धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा याच्या हातचा, असं मानलं जातं. तो स्वतः निसर्गचित्रकार. दोघे भाऊ मिळून काम करत, हिंडत. धाकटा इंग्रजीत रोजनिशीही ठेवी. छापाखाली नाव मात्र थोरल्याचंच!

छापखाना 1894मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पहिलं चित्र निघालं ते ‘शकुंतला जन्म’. निवड योगायोगाची असेलही, पण धागा गमतीचा आहे. विल्यम जोन्सने 1789मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेलं, 1791मध्ये गेओर्ग फोर्स्टरने ते जर्मनमध्ये आणलं आणि गटे त्यावर लुब्ध झाला. त्याच दशकात म्युनिकला आलॉइस झेनेफेल्डर बव्हेरियातल्या चुनखडीवर शिळाछापाचे प्रयोग करत होता. शंभर वर्षांनी जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर मुंबईत आले, ते शकुंतलेची गोष्ट छापायला. त्यांतल्याच फ्रिट्झ श्लायखरने पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मळवलीचा छापखाना विकत घेतला.

काम किचकट. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी धरते. एका रंगाला एक दगड. कागद केसभर सरकला तरी शकुंतलेच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरणार. शेवटी वॉर्निश देऊन वर कॅनव्हासचा पोत दाबायचा, म्हणजे कागद तैलचित्र असल्याची बतावणी करतो. यालाच ओलिओग्राफ म्हणत. पुण्यात चित्रशाळा 1878पासून देवादिकांची चित्रं छापत होतीच. मळवलीच्या छापांनी त्यांत तैलचित्राचा भास आणला.

या छापखान्यासाठी काही काळ दादासाहेब फाळके यांनीही काम केलं. 1913मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा प्रेक्षकांना राजा, ऋषी आणि वनवास कसे दिसतात हे भिंतीवरच्या छापांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

1972मध्ये छापखान्याला आग लागली आणि बरंच काही गेलं. घराघरांत फ्रेममध्ये अडकलेले छाप तेवढे उरले. काहींवर कुणा हौशी बाईने जरी-टिकल्या चिकटवून देवीला साडी नेसवलेली. अशा छापावर भिंग धरून पाहावं. साडीची जर ठसठशीत दिसते. मागचं निळसर रान मात्र विरघळून नुसते ठिपके उरतात.