झुंजार माशाचें घरटें

बीड शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दींत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सलाबतखानानें ती बांधविली. अवर्षणाच्या सालींही तिचें पाणी टिकतें, अशी तिची ख्याति आहे. ह्या विहिरीचें काम चाललें होतें त्याच्या थोडें मागेंपुढें, येथून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर सयाम देशांत, कोणी शेतकरी भातखाचरांतला बोटाएवढा एक मासा पकडून घरीं मातीच्या भांड्यांत ठेवूं लागला होता. हा काळ आम्हीं कल्पनेनें ठरविलेला नाहीं. ह्या माशाच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून तो किमान चारशें वर्षें माणसाच्या हातांखालीं वाढत आला असला पाहिजे, असें दिसतें. विहिरीचा आणि माशाचा एकमेकांशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध इतकाच कीं, त्या माशाचे वंशज बीडमध्यें आमच्या घरीं काचेच्या पेटींत नांदत आहेत, आणि त्यांच्या पाण्याची चिंता पडली म्हणजे आम्हांस खजाना विहिरीची आठवण होते.

बाजारांत ह्याला नुसतें 'फायटर' म्हणतात. निळा, तांबडा, मोतिया अशा नाना रंगांचा, आपल्या देहाहून मोठे पर मिरविणारा हा नर दुकानांत एकेका लहान बरणींत एकटा ठेवलेला असतो. पण हें वैभव माणसानें दिलेलें आहे. रानांतला मूळ मासा मळकट, आंखूड परांचा. दुसरा नर समोर आला तरच त्याच्या अंगावर रंगाची झांक उठते.

झुंजीचा शोक आपल्याकडे नव्हता असें मात्र नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. बीडचा मुलूख त्या काळीं ह्याच घराण्याच्या सत्तेखालीं होता. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं हा ग्रंथ संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला. त्यांत राजाच्या करमणुकी सांगतांना कोंबडे, लावे, मेंढे, रेडे यांच्या झुंजी मोठ्या हौसेनें वर्णिल्या आहेत. माशांचें प्रकरण स्वतंत्र आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणास कसलें खाद्य घालावें, गळ कसा असावा, दोरी कशाची वळावी, इतक्या बारकाव्यानें हा राजा लिहितो कीं, वाचतांना तो सिंहासनापेक्षां नदीकांठीं अधिक रमत असावा अशी शंका येते. पण मासा मासळीशीं झुंजवावा, ही कल्पना त्याच्याजवळ नाहीं. माशास पोसावें आणि गळास लावावें, एवढाच त्याचा मत्स्यविनोद.

आम्हांस ह्याचें कारण जमिनींत दिसतें. आपला मुलूख ज्वारी-बाजरीचा. सयामचा तो मासा भाताच्या चिखलाचा. उथळ, संथ, उन्हानें तापलेलें आणि प्राणवायूस पारखें झालेलें पाणी हें त्याचें वसतिस्थान. अशा पाण्यांत नुसत्या कल्ल्यांवर भागत नाहीं. म्हणून त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या अंगास घड्या पडलेल्या पडद्यांचा एक अवयव असतो. पाण्याच्या पृष्ठाशीं येऊन तो तोंडानें हवा घेतो व तींतून श्वास चालवितो. गोदावरींतला आणि सिंदफणेंतला आपला मरळ मासा हवा घेतो तो ह्याच तऱ्हेनें, आणि म्हणूनच बाजारांत घमेल्यांतल्या चार ओंजळी पाण्यांतही तो दीर्घकाळ जिवंत राहतो. दोघे दूरचे भाऊबंदच आहेत. भाताच्या खाचरांत प्रत्येक नर हातभर पाणी आपलें म्हणून राखतो आणि दुसरा नर त्यांत शिरला कीं त्याजवर तुटून पडतो. शेतकऱ्याच्या पायाशींच हें युद्ध चालावयाचें. त्याला तें दिसलें, आणि मनुष्यस्वभावाप्रमाणें त्यानें त्यावर पैज लावली.

ती पैज कोणत्या थरास गेली, हें थिओडोर कँटर ह्या गृहस्थाच्या लेखावरून कळतें. कँटर हा डेन्मार्कचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यांत वैद्यकी करीत असे. १८४० सालीं सयामच्या राजानें त्याच्या एका मित्रास हे मासे दिले होते. त्याजकडून ते कँटरच्या हातीं आले. पुढें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यानें जें लिहिलें, त्यांत असें आहे कीं, सयामचे लोक ह्या झुंजींवर मोठमोठ्या रकमा लावीत, आणि प्रसंगीं स्वतःस व बायकामुलांसही पणास लावीत. झुंजी भरविण्याचा मक्ता दिला जाई व त्यापासून राजाच्या तिजोरींत दरसाल बराच ऐवज पडे. बायकामुलें पणास लागल्याची कथा आपल्या कानांस अपरिचित नाहीं. फांसे तेवढे निराळे.

कँटरनें माशाच्या शास्त्रीय नांवांत 'भांडखोर' अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला. तें नांव वस्तुतः दुसऱ्याच एका जातीचें आहे असें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील टेट रीगन यानें १९१० च्या सुमारास दाखवून दिलें, आणि ह्या माशास 'बेट्टा स्प्लेंडेन्स' असें नवें नांव दिलें. 'स्प्लेंडेन्स' म्हणजे तेजस्वी. शास्त्रांत भांडखोरपणा गेला व तेज आलें. बाजारांत मात्र अद्यापि 'फायटर'च चालू आहे. दरम्यान लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांसाठीं मत्स्यालय उघडलें होतें आणि युरोपांतल्या दिवाणखान्यांत काचेच्या पेट्यांची हौस पसरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मासाही तेथें पोंचला. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतल्या किती मुलांनीं काचेस नाक लावून मासे पाहिले असतील! अलीकडे चेन्नईच्या कोळत्तूर भागांत अनेक कुटुंबें शोभेच्या माशांची पैदास करून पोट भरतात. लहान गांवांतल्या दुकानांपर्यंत मासे येतात ते अशाच ठिकाणांहून.

आमच्या घरीं पहिली जोडी आली तेव्हां दुकानदारानें सांगितलें, "ह्याला पाणी लागतच नाहीं म्हणा ना! पेलाभर पुरे." बीडच्या माणसास ह्याहून मोहक शिफारस कोणती असणार? नळास पाणी येण्याचा दिवस ज्या घरांत मुहूर्तासारखा पाहिला जातो, तेथें पेलाभर पाण्याचा पाहुणा कोणास नको असेल? पण माशाचा इतिहास वाचल्यावर आम्हांस त्या वाक्यांतली चूक कळली. भाताचें पाणी आटतें तेव्हां हा मासा डबक्यांत तग धरतो हें खरें. पाऊस येईपर्यंत तो वाट पाहतो. ती त्याची विपत्ति आहे, वस्ती नव्हे. टँकरच्या दोन घागरींवर बीडकर उन्हाळा काढतो, म्हणून बीडकराला पाणी कमीच लागतें असें कोणी म्हणूं लागला तर आपण काय म्हणूं?

२०१६ च्या उन्हाळ्यांत, केज तालुक्यांतल्या धनेगांवचें मांजरा धरण आटून शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं एक दिवस पेटीकडे बोट दाखवून विचारलें, "माणसांना पाणी नाहीं, आणि तुमचे हे चोचले कशाला?" ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. मासे एका स्नेह्याच्या हौदांत दिले आणि पेटी माळ्यावर टाकली. दोन पावसाळे बरे गेल्यावर मातोश्रींनींच ती खालीं काढविली. पेटींतलें जुनें पाणी तुळशीस व कढीलिंबास घालावयाचें, हा करार त्या वेळचा.

पैदास करावी हा विचार त्यानंतरचा. दीड फूट लांबीच्या पेटींत पांच इंच पाणी घेतलें, म्हणजे अदमासें एक मोठी बादली. अंगणांतल्या देशी बदामाचीं वाळलेलीं पानें त्यांत टाकलीं. पाणी चहासारखें तांबूस झालें. नर-मादीस आठ दिवस डासांच्या अळ्या चारल्या. (आरोग्य खात्याचे लोक ज्या अळ्या मारण्यासाठीं हौदांत गप्पी मासे सोडतात, त्याच आम्ही गल्लीभर शोधीत हिंडत होतों, शेजाऱ्यांनीं काय तर्क केला असेल तो असो.) मादी काचेच्या नळींत ठेवून नरास दिसूं दिली, आणि त्यानें काम आरंभिलें. वर यावें, हवा घ्यावी, लाळेनें गुंडाळलेला बुडबुडा पानाखालीं सोडावा, पुन्हां वर यावें. एका रात्रींत तळहाताएवढा फेस उभा राहिला. हेंच त्याचें घरटें.

मादी मोकळी केल्यावर प्रथम पाठलाग व ओढाताण झाली. नंतर नरानें घरट्याखालीं तिला आपल्या देहाचा विळखा घातला. अंडीं पांढऱ्या कण्यांसारखीं खालीं पडूं लागलीं. तीं तळास जाण्यापूर्वीं नर एकेक तोंडांत धरी आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवी. असें दोन-तीन तास चाललें. काम होतांच त्यानें मादीस हांकून लावलें. तिला बाहेर काढलें नसतें तर तिचा जीव गेला असता.

ह्या पहिल्या खेपेस दोष आमचा होता. घरांतलीं मुलें व आम्ही दर घटकेस दिवा घेऊन झांकण उचलीत होतों. सकाळीं पाहतों तों घरटें मोडलेलें आणि अंडीं नाहींशीं. भेदरलेला बाप अंडीं खाऊन टाकतो, हें आम्हांस मागाहून समजलें.

दुसरी खेप चैत्रांत केली. दीड दिवसानें पिलें फुटलीं. फेसाखालीं शेपट्या लोंबकळत होत्या. एखादें निसटून खालीं जाई, कीं बाप त्याला तोंडांत घेऊन परत जागेवर लावी. दोन दिवस तो क्षणभरही स्वस्थ नव्हता. पिलें आडवीं पोहूं लागल्यावर त्याला वेगळें काढलें. कोबीचें पान पाण्यांत कुजवून त्यांतले सूक्ष्म जीव पिलांस चारले, पुढें मिठाच्या पाण्यांत आर्टेमियाचीं अंडीं उबवून दिलीं. तीन आठवडे सर्व ठीक होतें. चौथ्यांत पिलें मरूं लागलीं आणि पांच दिवसांत पेटी ओस पडली. ह्याच वयांत त्यांचा हवा घेण्याचा तो अवयव घडत असतो. सयामची हवा दमट; पिलूं पहिला श्वास घेतें तो पाण्याइतक्याच उबदार वाफेचा. आमच्या खोलींत बीडचा चैत्र होता, वर पंखा होता, आणि झांकण आम्हीं उन्हाळा म्हणून काढून ठेविलें होतें.

तिसरी खेप श्रावणांत केली. पेटीवर कांच घट्ट बसविली, पाण्याची ऊब २७ अंशांच्या आसपास राखली, दिवा बंद ठेविला, मुलांस दुरून पाहावयास सांगितलें. ह्या वेळीं त्या नरास पाहतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, सयामचा मक्तेदार ज्या रागावर पैसा मिळवीत होता तो राग ह्या फेसासाठीं आहे. खाचरांतला नर हातभर पाण्यासाठीं भांडतो, कारण त्या पाण्यावर त्याचें घरटें तरंगत असतें. पैज लावणारांनीं पिढ्यान्‌पिढ्या अधिक वेळ लढणारे नर निवडले. रानांतला नर थोड्या वेळांत माघार घेतो, हा घेईनासा झाला. घरट्याचा मात्र त्यांच्या लेखीं उल्लेख कोठें नाहीं. आपल्याकडे १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें प्राण्यांस झुंजविणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येंत माणसाखेरीज सर्व जीव येतात; तेव्हां मासाही आलाच.

श्रावणांतल्या त्या विणींतून एकोणीस पिलें वाचलीं. त्यांपैकीं बारा नेणतीं असतांनाच इष्टमित्रांकडे गेलीं. देतांना प्रत्येकास निदान एक घागर पाण्याची पेटी दाखवावयास लावली. राहिलेल्या सातांत चार नर निघाले. त्यांच्या पेट्या खिडकीशीं ओळीनें मांडल्या असून दोन पेट्यांमध्यें पुठ्ठा आहे. दिवसांतून एकदां मुलें तो पांच मिनिटें काढतात. चौघे पर फुलवून एकमेकांकडे पाहतात. पुठ्ठा परत लागला, कीं थोड्या वेळानें कोपऱ्यांत बुडबुडे जमूं लागतात.